भाताची वाटी उचलायची की नाही

मावशींनी माझा हात धरून वाटी परत खाली ठेवली. जोरात नाही, पण ठामपणे. तव्याकडे गेलेला लहान मुलाचा हात बाजूला करावा तशी. दक्षिण कोरियातल्या बुसानमधला तो आमचा पहिला दिवस. सामान खोक्यांत, गॅस जोडलेला नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे या मावशींनी, आम्हा तिघांना जवळजवळ ओढूनच जेवायला बसवलेलं. जपानमधल्या सहा वर्षांच्या सवयीने मी डाव्या हातात भाताची वाटी घेतली, उजव्या हातात चॉपस्टिक, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत वाटी टेबलावर गेली. मग त्यांनी माझ्या हातात लांब दांड्याचा स्टीलचा चमचा दिला. भात चमच्याने खायचा. वाटी जागेवरून हलवायची नाही.

आधी राहत होतो त्या जपानमधल्या फुकुओकात हे नेमकं उलट होतं. तिथे वाटी उचलून तोंडाजवळ आणायची असते. टेबलावरच्या वाटीकडे मान वाकवून खाणं म्हणजे कुत्र्यासारखं खाणं, असं माझ्या लेकीला पाळणाघरात शिकवलं होतं. इथे वाटी उचलून खाणारा भिकाऱ्यासारखा दिसतो, असं मावशींनी सांगितलं. भांडी पाहिली की दोन्ही पटतं. जपानी सुपाची वाटी लाकडी, हलकी, हाताला चटका न देणारी, आणि चमचा नसल्यामुळे तिला ओठ लावूनच प्यावं लागतं. कोरियात, विशेषतः खाणावळीत, भाताची वाटी बहुतेक वेळा स्टीलची, झाकणाची, गरम भाताने तापलेली. ती कोण उचलणार?

फुकुओका ते बुसान अंतर साधारण २०० किलोमीटर. सांगलीहून पुण्याला जायला याहून थोडं जास्तच लागतं. दोन्हीकडे घड्याळ एकच. बदली ठरली तेव्हा जो तो म्हणायचा, "तुम्हाला काय, सगळं सारखंच असेल." मलाही तसंच वाटलं होतं. पुढचं जवळजवळ वर्षभर मी अंगात मुरलेल्या सवयी एकेक करून सोडवत होते.

नवऱ्याचं काम जहाजांच्या इंजिनांचं. मार्च २०२३ मध्ये आम्ही फुकुओकाच्या हाकाता बंदरातून बोटीने निघालो. विमान तासाभराच्या आत पोचवतं, पण सामान होतं आणि लेकीला समुद्र बघायचा होता. बोटीला सहा-एक तास लागतात, वाटेत त्सुशिमा बेट लागतं. आता आम्ही बुसानच्या योंगदो भागात राहतो. हवा स्वच्छ असली की इथल्या तेजोंगदेच्या कड्यावरून तेच बेट निळ्या रेघेसारखं दिसतं.

बस्तान बसवण्याची सुरुवात मुहूर्तापासून झाली. घर दाखवणाऱ्या एजंटने दिलेल्या तारखांतल्या एका तारखेला सामान हलवायचा खर्च जास्त होता. कारण विचारलं तर म्हणाला, तो 'सोन नसलेला दिवस' आहे. सोन म्हणजे माणसाच्या कामात आडवा येणारा, दिशा बदलत फिरणारा वाईट आत्मा. चांद्र महिन्याच्या ज्या तारखा नऊने किंवा शून्याने संपतात, त्या दिवशी तो कुठेच नसतो. म्हणून सगळ्यांना तेव्हाच घर बदलायचं असतं. जपानी कॅलेंडरवरही 'ताइआन' आणि 'बुत्सुमेत्सु' असे चांगले-वाईट दिवस छापलेले असतात, लग्नाच्या तारखा काढताना लोक ते बघतात. पंचांग बघणाऱ्या घरात वाढलेल्या मला दोन्हींचं नवल वाटलं नाही. आम्ही स्वस्त तारीख घेतली. मावशींना ते आजही पटलेलं नाही.

पैशांची रीत मात्र नवी होती. फुकुओकात घर घेताना आम्ही 'रेइकिन' दिलं होतं, म्हणजे मालकाला आभारादाखल द्यायची, कधीही परत न मिळणारी रक्कम. इथे असलं काही नसतं, पण अनामत एवढी मोठी की आकडा ऐकून नवरा गप्प झाला. ती घर सोडताना परत मिळते. नुसती प्रचंड अनामत ठेवून महिन्याचं भाडं अजिबात न देण्याची पद्धतही इथे आहे, तिला 'जॉन्से' म्हणतात. तेवढी ऐपत आमची नव्हती.

कागदपत्रांनी मात्र रडवलं. जपानमध्ये उतरलो तेव्हा विमानतळावरच रहिवासी कार्ड हातात मिळालं होतं, पुढे चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला की झालं. कोरियात आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करायची, त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यायची, मग बोटांचे ठसे, मग कार्डाची वाट. कार्ड नाही तोवर स्वतःच्या नावावर फोन नाही. फोन नाही तोवर 'तुम्ही तुम्हीच आहात' ही ऑनलाइन खातरजमा नाही, आणि त्याशिवाय साधी ऑनलाइन खरेदीही नाही. कार्ड आल्यावर माझं नाव आडवं आलं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं आपल्याकडचं पूर्ण लांबलचक. फोन कंपनीने एका तऱ्हेने लिहिलं, बँकेने दुसऱ्या, आणि मधल्या एका रिकाम्या जागेपायी तीन आठवडे मला कुठलीच यंत्रणा ओळखेना. इथली बहुतेक नावं तीन अक्षरांत संपतात. शेवटी मावशी माझ्याबरोबर बँकेत आल्या आणि काउंटरवरच्या मुलाशी माझ्या वतीने चढ्या आवाजात बोलल्या. मी लाजेने मागे उभी होते. फुकुओकात सहा वर्षांत एवढ्या मोठ्याने बोललेलं मी कुठल्याच काउंटरवर ऐकलं नव्हतं. पण काम झालं.

मावशी म्हणजे 'इमो'. कोरियन भाषेत इमो म्हणजे आईची बहीण, आणि इथे खाणावळीत वाढणाऱ्या बाईलाही लोक 'इमो' अशीच हाक मारतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, अगदी तसं. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी माझं वय विचारलं, मग नवऱ्याचं, लग्न कसं जमलं, दुसरं मूल का नाही, आणि त्याचा पगार. मग स्वतःचं वय सांगून म्हणाल्या, "म्हणजे तू मला इमो म्हण." वय कळल्याशिवाय इथे माणसाला हाक मारता येत नाही, क्रियापद कसं वापरायचं हेही ठरत नाही. फुकुओकातल्या शेजारीणबाईंना मी आडनावापुढे 'सान' लावून हाक मारायचे, त्या मला तशीच. सहा वर्षं तेवढ्यावर छान निभावलं.

लेकीचं वय हा तर वेगळाच विषय. ती नोव्हेंबर २०१८ ची. फुकुओकात बोटीत चढली तेव्हा चार वर्षांची होती, बुसानला उतरली ती सहाची होऊन. जन्मल्या दिवशीच एक, आणि मग दर एक जानेवारीला आणखी एक, हा इथला जुना हिशोब. २८ जून २०२३ पासून सरकारी आणि कायदेशीर कामांत आंतरराष्ट्रीय पद्धतीने वय मोजायचं ठरलं आणि ती कागदोपत्री पुन्हा चारची झाली. मावशी तिला सहाच म्हणत राहिल्या.

आदरार्थी बोलण्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. जपानी भाषेच्या वर्गात एक नियम घोटून घेतला होता: बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या माणसाला मान द्यायचा नाही. ऑफिसात बाहेरून फोन आला तर स्वतःच्या साहेबांचा उल्लेख नुसत्या आडनावाने करायचा, 'सान'सुद्धा लावायचं नाही. सासऱ्यांबद्दल परक्यांशी बोलतानाही तसंच साधं बोलायचं. मला ते कधीच सहज जमलं नाही. जीभ अडायची. कोरियन शिकायला लागले आणि बाईंनी सांगितलं, साहेब सगळ्यांसमोर साहेबच, सासऱ्यांचा मान कुणाशीही बोलताना ठेवायचा. "सासरे आलेत, जेवतायत," हे मी मराठीत जसं म्हणते तसंच म्हणायचं. जपानी व्याकरण येत असल्याने कोरियन सोपं जाईल असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. पण या एका ठिकाणी मला वाट दाखवली ती मराठीने.

आता उष्ट्याचं. मासे-मटण मी खाते, पण उष्टं-खरकटं आमच्या घरात कडक पाळलं जायचं, आणि त्या बाबतीत जपानमध्ये मला अगदी घरच्यासारखं वाटलं होतं. ज्याचं त्याचं वाढलेलं वेगळं, मधल्या थाळीतून घ्यायला वेगळ्या चॉपस्टिक. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणं तर अशुभच, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. मावशींच्या टेबलावर मात्र मधोमध सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं रटरटणारं कालवण, आणि त्यात सगळ्यांचे चमचे. जो तो एक घोट घेऊन चमचा पुन्हा त्यातच घालणार. माझा चमचा हवेतच थांबला. मावशींनी ते पाहिलं, काही न बोलता उठल्या आणि माझ्यासाठी छोटी वाटी घेऊन आल्या. करोनानंतर अशा वेगळ्या वाट्या बऱ्याच ठिकाणी देऊ लागलेत. सहा-सात महिने मी ती वाटी घेत होते. एक दिवस ती आणायची राहिली, आणि मी आठवण केली नाही.

नवऱ्याला ऑफिसच्या जेवणांत धडे मिळत होते. जपानमध्ये शेजाऱ्याचा ग्लास अर्धा झाला की भरायचा, तो रिकामा होऊ देणं हे दुर्लक्ष. इथे ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय भरायचा नाही, आणि वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. बिल आलं की तो सवयीने डोक्यात सात भाग करायला लागायचा, तोवर सगळ्यांत वयस्क माणूस काउंटरवर पैसे देऊन आलेला असायचा. पुढच्या वेळी कॉफी कोणीतरी दुसरा पाजतो. हिशोब फिटतो, पण एका रात्रीत नाही.

लेकीला रस्ता ओलांडायला शिकवणं मला सगळ्यात अवघड गेलं. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, कोरियात उजवीकडून. ती आधी उजवीकडे बघून पाऊल टाकायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. दोन महिने तिचा हात मी सोडला नाही.

घराच्या आत मात्र मला कोरियाच जवळचा वाटतो, हे मोकळेपणी सांगते. फुकुओकाचा हिवाळा बुसानपेक्षा सौम्य, तरी तिथल्या घरात मी जास्त कुडकुडले. एक खोली तापवायची, बाकी घर गार, आणि रात्री उठून न्हाणीघराकडे जाणं म्हणजे शिक्षा. इथे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात, 'ओन्दोल' म्हणतात. अख्खी फरशी ऊबदार. आणि बसायचं मांडी घालून! जपानमध्ये औपचारिक ठिकाणी गुडघ्यांवर बसावं लागतं, दहा मिनिटांत माझे पाय बधिर व्हायचे. पहिल्या दिवशी मावशींकडे मी तशीच बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटून मांडी घालायला लावली. सहा वर्षांनी परक्याच्या घरात मी मांडी घालून बसले.

मिक्सरची गोष्ट लांबीची आहे, पण सांगायलाच हवी. सांगलीहून नेलेला मिक्सर जपानच्या १०० व्होल्टवर नुसता गुरगुरायचा, म्हणून आम्ही वीटभर जड ट्रान्सफॉर्मर घेतला होता. एकदा सणाला सकाळी सातच्या आधी मी त्यावर वाटण केलं. चार दिवसांनी इमारतीतल्या सगळ्यांच्या पत्रपेटीत व्यवस्थापनाची एक चिठ्ठी पडली: पहाटे यंत्रांचा आवाज होत असल्याचं कळलं आहे, सर्वांनी सहकार्य करावं. नाव कुणाचंच नाही, मजलाही नाही. तक्रार कोणी केली ते मला आजवर कळलेलं नाही. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण पूर्वीइतकाच हसून वाकत होता आणि मी प्रत्येकाच्या चेहऱ्यात ती चिठ्ठी शोधत होते. मला उघडं पडू न देण्याची ती काळजी होती, हे समजायला मला दोन वर्षं लागली. बुसानला २२० व्होल्ट, म्हणजे फक्त पिन बदलायची. पहिल्याच रविवारी मिक्सर पूर्ण जोराने गरजला. पाचव्या मिनिटाला दार ठोठावलं गेलं. शेजारच्या घरातल्या काकू, कपाळाला आठ्या, हातवारे, भरभर कोरियन. मला अर्धंच कळत होतं, डोळ्यांत पाणी आलं. मग त्या थांबल्या, माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघरात पाहिलं आणि विचारलं, "काय वाटतेयस? वास कसला येतोय?" तिळकूट होतं. चिमूटभर तळहातावर घेऊन गेल्या. आता मी दहानंतरच मिक्सर लावते.

कुठलं बरं, असं मला सारखं विचारतात. मला फक्त दोन दिवस आठवतात.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. भारतात दुसरी लाट होती, जाणं शक्य नव्हतं. आठवडाभर मी घराबाहेर पडले नाही. एका सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या कडीला कागदी पिशवी अडकवलेली. आत बिवाची पिकलेली पिवळी फळं आणि शेजारीणबाईंच्या हातची चार ओळींची चिठ्ठी: बातमी कळली, शब्द नाहीत, परतभेटीची अजिबात काळजी करू नका. जपानमध्ये भेट मिळाली की साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी परत द्यायचं असतं, त्या ओझ्यातून त्यांनी मला आधीच मोकळं केलं होतं. बेल वाजवली नव्हती. पुढे कधी त्या विषयाचा एक शब्दही काढला नाही, फक्त लिफ्टपाशी भेटल्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वाकायच्या. तेव्हा मला वाटलं, एकदा तरी आत यायचं होतं.

२०२४ मध्ये आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मावशींना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. बेल न वाजवता त्याही आल्या, पण सरळ आत. तांदळाची पेज टाकली, मला समोर बसवून खायला लावली. ऑपरेशनला किती खर्च, आईजवळ कोण आहे, भाऊ का गेला नाही, तू तिकीट का काढत नाहीस. मला राग आला. एकटीला बसू द्या असं ओरडावंसं वाटलं. रात्री अकरापर्यंत त्या फरशीवर बसून होत्या, टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघत, सांगलीहून फोन येईपर्यंत. ऑपरेशन नीट झालं म्हटल्यावर उठल्या, पातेलं घासलं आणि खाली गेल्या. त्या रात्री मला बिवाची पिशवी आठवली. तीन वर्षं मनात राहिलेला सल त्या रात्री निघाला.

काही गोष्टी शिकताना जपून पाऊल टाकावं लागलं. सुरुवातीला माझ्या प्रत्येक वाक्यात "जपानमध्ये असं असतं" यायचं. मावशी ऐकून घ्यायच्या. त्या स्वतः कांद्याला कधीकधी 'तामानेगी' म्हणतात. तो जपानी शब्द, त्यांच्या आईकडून आलेला. आई लहानपणी शाळेत जपानी नावाने ओळखली जायची, कोरियन बोललं तर मार बसायचा, हे त्यांनी मला कांदा चिरता चिरताच सांगितलं. १९१० ते १९४५, पस्तीस वर्षं जपानची राजवट होती, हे मी वाचलेलं होतं. पण चिरलेल्या कांद्याशेजारी ते ऐकणं वेगळं. त्यानंतर माझं ते वाक्य आपोआप कमी झालं.

१५ ऑगस्टला मला हे फार जाणवतं. आपला स्वातंत्र्यदिन, तोच कोरियाच्या मुक्तीचाही दिवस, आणि जपानमध्ये युद्धसमाप्तीचा. फुकुओकात तो ओबोनच्या दिवसांत यायचा, पितरांच्या स्वागताचे दिवस, माणसं गावी गेलेली, गल्ल्या शांत. टीव्हीवर शाळांच्या बेसबॉल स्पर्धेचा सामना दुपारी बाराला थांबायचा, भोंगा वाजायचा, मुलं टोप्या काढून उभी राहायची. बुसानला त्याच दिवशी घरांच्या खिडक्यांना झेंडे लागतात. पहिल्या वर्षी मावशींनी आमच्या खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, तुमचाही आजच ना? लेकीने कागदाचा तिरंगा करून लावला. दोन झेंडे एकाच भिंतीवर होते, आणि मी समुद्रापलीकडच्या त्या भोंग्याची वेळ घड्याळात बघत होते.

नोव्हेंबरअखेर किमजांग होतो, हिवाळ्याची किमची घालण्याचा दिवस. मावशींच्या अंगणात रात्रभर मिठात ठेवलेले चिनी कोबीचे गड्डे, प्लास्टिकच्या टबांत लाल मसाला, त्यात मुळा, लसूण, आलं, खारवलेली कोळंबी. आठ बायका हातमोजे घालून पानापानात मसाला भरत होत्या आणि एकमेकींना भरवत होत्या. मला आमच्या गच्चीवरचे कुरडयांचे दिवस दिसत होते, तोच चिकाचा घास, तेच एकीचं दुसरीला "मीठ बघ गं". २०१३ साली युनेस्कोने आपल्या यादीत किमजांग घेतला, आणि त्याच वर्षी जपानची 'वाशोकू' ही खाद्यपरंपराही. संध्याकाळी मावशींनी मला एक मोठा डबा भरून दिला.

इथे डबा रिकामा परत करत नाहीत. मी भडंग भरून दिलं. डबा पुन्हा आला, पुन्हा गेला. या वसंतात आम्ही चार दिवसांसाठी फुकुओकाला निघालो तेव्हा मावशींनी त्यात किमची भरली आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या फळंवाल्या बाईंना." बोटीत, मेट्रोत वास येऊन कुणाला त्रास होऊ नये म्हणून मी तो तीन पिशव्यांत गुंडाळला. शेजारीणबाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. लेकीने वाटी उचलली, मी काही सांगितलं नव्हतं. निघताना डबा घासूनपुसून, कापडात बांधून परत आला. आत मेन्ताइको होतं, तिखटात मुरवलेली माशाची गाबोळी, फुकुओकाची प्रसिद्ध. १९४९ मध्ये हाकात्यात ती विकायला सुरुवात केली बुसानमध्ये वाढलेल्या एका जपानी माणसाने, इथल्या म्योंगनानच्या, म्हणजे कोरियन गाबोळीच्या, चवीवरून.

मावशींनी डबा उघडला, नखाएवढा तुकडा भातावर घेऊन खाल्ला. "हे आपलं म्योंगनान," त्या म्हणाल्या, "जरा गोडसर केलंय." आणखी एक तुकडा घेतला. मग कापडाची घडी हातात घेऊन विचारलं, "या बाई वयाने केवढ्या? माझ्याहून मोठ्या की लहान?"

मला सांगता येईना. सहा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.